अर्धे सरळ, अर्धे कुरळे केस: आता रिलॅक्सर कोणता घ्यावा?

सातपुड्याची सावली (जळगाव)

नमस्कार. फार वैतागून हा धागा काढतेय. कृपया सविस्तर उत्तरं द्या.

माझे केस जन्मापासून कुरळे. दाट, जाड, आणि मानेपाशी तर फणीच चालत नाही. फेब्रुवारीत चुलतभावाच्या लग्नाआधी इथल्या एका पार्लरमध्ये स्मूथनिंग, म्हणजे केस सरळ करायची ट्रीटमेंट, करून घेतलं. साडेचार हजार रुपये आणि सहा तास गेले. क्रीम लावलं, धुतलं, वाळवलं, मग दोन मुली दोन बाजूंनी गरम मशीनने प्रेसिंगला बसल्या. पुढचं आणि डावीकडचं सगळं झालं आणि लाईट गेली. तासभर वाट पाहिली. इन्व्हर्टरवर पंखा चालत होता, मशीन काही चालेना. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "आता जास्त थांबून चालणार नाही, न्यूट्रलायझर लावून घेऊ. राहिलेलं घरी प्रेस केलं की बसेल." मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी हो म्हटलं.

ते बसलं नाही. उजव्या कानामागून मानेपर्यंतचा पट्टा आता धड कुरळा नाही आणि सरळही नाही. सुतळी उसवली की धागे कसे ताठ उभे राहतात, तसा दिसतो. डावीकडचे केस मात्र अजून पाण्यासारखे सरळ पडतात. त्यातच सहा महिन्यांत मुळं बोटभर वाढली, ती माझी जुनी, घट्ट कुरळी. म्हणजे एकाच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस! रोज सकाळी शाळेत जायच्या आधी अर्धा तास मशीन फिरवते. मे महिन्यात तर स्कूटीवरून शाळेत पोचेपर्यंत घामाने सगळं पुन्हा फुगायचं.

परवा कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं. जावा, नणंदा सगळ्यांनी वेण्या घालून गजरे माळले. मी क्लचर लावून डोक्यावर पदर घेतला तो रात्रीपर्यंत काढला नाही. रडू आलं होतं, खरं सांगते.

मार्गशीर्षात दिराचं लग्न आहे. तोवर हे नीट करायचंय. ऑनलाईन एक रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करायचं क्रीम, मागवलाय. मोठ्या डब्यात क्रीम आहे, सोबत छोटी बाटली आहे, दोन्ही मिसळून लावायचं. वर "नो लाय" लिहिलंय, म्हणून सौम्य असेल असं वाटलं. माइल्ड, रेग्युलर आणि सुपर असे प्रकार होते, त्यातला रेग्युलर घेतला. सगळ्या केसांना लावू की फक्त त्या पट्ट्याला?

धुळ्याची पार्लरवाली

सावलीताई, तो डबा अजून उघडू नका. आधी हे वाचा.

मी १४ वर्षं हेच काम करते. तुमच्या बाबतीत काय झालं ते मला तुमच्या लिहिण्यावरूनच दिसलं. क्रीम नीट लागलं होतं. प्रेसिंग अर्धवट राहिलं आणि त्यावर न्यूट्रलायझर लावला. न्यूट्रलायझर केसाला त्या क्षणी असलेल्या आकारात पक्का करतो. डावीकडे तो सरळ पक्का झाला आणि उजवीकडे धुऊन वाळलेला विस्कटलेला आकार पक्का झाला. घरी कितीही मशीन फिरवलं तरी पुढच्या धुण्याला तो परत तसाच होणार. लाईट जाणार असेल तर मी तेवढ्या दिवशी स्मूथनिंग घेतच नाही. आमच्याकडेही उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून जनरेटर घेतला.

आता मला तीन गोष्टी सांगा. फेब्रुवारीत कोणतं क्रीम लावलं, बॉक्सवर काय लिहिलं होतं? मेहंदी लावता का, आणि लावत असाल तर साधी की काळी? तिसरं म्हणजे, मागवलेल्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत काय काय लिहिलंय ते इथे टाका.

केळीबाग रावेर

ताई, मी हे भोगलंय म्हणून लिहिते. माझी नणंद नैरोबीला असते. तिकडे रिलॅक्सर म्हणजे घरोघरी ओळखीची वस्तू. आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या अगदी घट्ट, स्प्रिंगसारख्या केसांसाठीच तो बनलेला आहे. नणंदेने एक डबा मला आणून दिला आणि मी इथे, रावेरला, बहिणीकडून लावून घेतला.

दोन चुका केल्या. एक, आदल्या दिवशी डोकं खसाखसा चोळून धुतलं होतं. नणंद नंतर म्हणाली, तिकडच्या बायका आधी दोन-तीन दिवस डोकं धूत नाहीत, खाजवत नाहीत, जोरात फणीसुद्धा घालत नाहीत. टाळूवर आणि कानांवर आधी व्हॅसलीन लावतात. दुसरी चूक म्हणजे केस अजून सरळ दिसत नाहीत म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला. आधी चुणचुण, मग आग. धुतलं तोवर भांगात दोन ठिकाणी कातडी सोलली होती. पंधरा दिवस खपल्या होत्या. खपलीसोबत केस आले.

बरं, केस सरळ झाले का? झाले. पण झाडूसारखे कोरडे. त्यात आमचं बोअरचं पाणी. बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो तसाच केसांना बसत होता.

अमळनेरची मास्तरीण

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. केळीबागताईंनी लिहिलेल्या कोरडेपणाला कारण आहे, ते सांगते, म्हणजे सावलीताईंचा प्रश्नही सुटेल.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या जोडबंधांनी बांधलेल्या असतात. गोधडीचे थर टाक्यांनी धरलेले असतात ना, तसं समजा. केसाचा आकार हे टाके धरून ठेवतात.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये स्मूथनिंगला, स्ट्रेटनिंगला, रिबॉन्डिंगला बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेटचं (थोडक्यात थायोचं) क्रीम असतं. त्याचा पीएच, म्हणजे अल्कली किती तीव्र ते सांगणारा आकडा, साधारण ९ ते साडेनऊ. ते टाके उसवतं. मग मशीनने कापड सपाट करायचं आणि न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने टाके पुन्हा घालायचे.

रिलॅक्सर हे वेगळंच प्रकरण. त्यात हायड्रॉक्साइड असतं, पीएच १२ ते १४. 'लाय' म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपला कॉस्टिक सोडा. 'नो लाय' मध्ये क्रीमच्या डब्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे चुन्याची निवळी ज्याची असते तेच. बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट असतं. दोन्ही मिसळलं की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं. टाळूला ते लायपेक्षा कमी झोंबतं एवढंच. केसावरचं काम तितकंच कडक आहे. सौम्य या शब्दावर विसंबू नका. उलट त्यातलं कॅल्शियम केसांवर बसतं. वरून क्षारांचं पाणी पडलं की झाडूच होणार. ज्यांनी हा प्रकार वापरलाय त्यांनी क्षार काढणारा, ईडीटीए असलेला शांपू अधूनमधून वापरावा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्यावं.

मुख्य मुद्दा असा की हायड्रॉक्साइड टाका उसवून परत घालत नाही. दोन गंधकांपैकी एक काढून टाकतं आणि एकाच गंधकाचा नवा बंध तयार होतो. त्याला लँथिओनिन म्हणतात. हा बंध पुन्हा उसवता येत नाही. रिलॅक्सरसोबत मिळणारा न्यूट्रलायझिंग शांपू फक्त राहिलेला अल्कली मारतो, टाके घालत नाही. म्हणून थायोच्या केसावर हायड्रॉक्साइड किंवा हायड्रॉक्साइडच्या केसावर थायो, दोन्ही चालत नाही. केस हातात येतो.

सातपुड्याची सावली

मास्तरीणताई, इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी वाचून तशीच उठले आणि त्या पार्लरमध्ये जाऊन आले. बाईंनी कुरकुर न करता बॉक्स दाखवला, त्यांचा मोठेपणा. फोटो काढून आणला. त्यावर अमोनियम थायोग्लायकोलेट लिहिलंय.

मागवलेल्या डब्याच्या मागे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि छोट्या बाटलीवर ग्वानिडीन कार्बोनेट. हात थंड पडले माझे. रविवारी सकाळी लावणारच होते.

मेहंदी पूर्वी साधी लावायचे, मागच्या दिवाळीत एकदा काळी लावली होती.

धुळ्याची पार्लरवाली

मग उत्तर मिळालंच. तुमच्या जुन्या लांबीला रिलॅक्सर लावायचा नाही. माइल्डही नाही. माइल्ड, रेग्युलर, सुपर हे ताकदीचे प्रकार आहेत: बारीक किंवा रंगवलेल्या केसांना माइल्ड, मध्यम केसांना रेग्युलर, जाड चिवट केसांना सुपर. जात तीच.

काळ्या मेहंदीचं पण सांगते, कारण खानदेशात सणासुदीला सर्रास लावतात. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतो, तुटतो. पार्लरवाल्या बाईने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं. साध्या मेहंदीचाही थर केसावर बसतो, त्यामुळे क्रीम कुठे धरतं, कुठे धरत नाही. अर्धवट स्ट्रेटनिंगच्या कितीतरी तक्रारी माझ्याकडे येतात त्यामागे हे असतं. नाहीतर मग जाडजाड बटा घेऊन घाईने लावलेलं क्रीम. मागचे केस नेहमी राहतात, कारण करणारीचा हात तिथे शेवटी पोचतो आणि तोवर ती दमलेली असते.

भुसावळ जंक्शन

मी जरा वेगळं मत मांडते. माझंही पहिल्यांदा अर्धवट झालं होतं. आठ महिन्यांनी दुसऱ्या पार्लरमध्ये तेच थायोचं क्रीम फक्त वाढलेल्या मुळांना लावलं, छान झालं, आज दीड वर्ष झालं. म्हणजे सगळ्यांनाच घाबरवायची गरज नाही. लग्नाचा प्रश्न आहे, ताईंना आपण सरळ केसांत उभं राहावंसं वाटतं त्यात गैर काय?

धुळ्याची पार्लरवाली

गैर काहीच नाही. मीच तर रोज करते! तुमचं चांगलं झालं कारण तीन गोष्टी जुळल्या: रसायन तेच, जुन्या केसाला हात नाही, आणि मुळं पुरेशी वाढलेली. सावलीताईंची मुळं सहा महिन्यांची आहेत. केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ती सात सेंटीमीटर भरतील. मुळांना थायो करता येईल. अडचण त्या पट्ट्याची आहे. तो एकदा उसवून बांधलेला केस आहे, वर सहा महिने रोज मशीन खाल्लेला. त्याला पुन्हा उसवायचं की नाही हे बट तपासल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाही.

ताई, आज एक करा. त्या पट्ट्यातला एक केस ओला करा, दोन बोटांत धरून हळूच ताणा. चांगला केस ताणला जातो आणि सोडला की परत येतो. च्युइंगमसारखा लांबत गेला, किंवा टचकन तुटला, तर संपलं.

नंदुरबारची सिस्टर

सरकारी दवाखान्यात नर्स आहे. केसांपलीकडचं थोडं.

केळीबागताईंसारखं भाजलं तर आधी भरपूर साध्या पाण्याने बराच वेळ धुवायचं. हळद, टूथपेस्ट काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पाणी ओतत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. कॉस्टिक गेलेला डोळा वाट पाहत नाही. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल तर हे सगळं पुढे ढकला.

आणि "केमिकल नाही, फक्त केराटिन" असं कुणी म्हणालं तर नीट विचारा. बऱ्याच केराटिन ट्रीटमेंटमध्ये मशीनच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळ्यांतून पाणी येतं, घसा धरतो तो त्यानेच. तो कर्करोगकारक आहे. फॉर्मल्डिहाइड नाही म्हणून आलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीचं प्रकरण प्रसिद्ध केलं. तीन वेळा स्ट्रेटनिंग केलं, तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

अमेरिकेत ३३,४९७ बायकांवर जवळजवळ ११ वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये आला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनिंगचं काही वापरणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग दुपटीहून अधिक आढळला. सत्तरीपर्यंत होण्याचा अंदाज न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. त्यामुळेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि वर्षातून एकदा करणाऱ्या बाईने हाय खाऊ नये. पण दर दोन महिन्यांनी वाढलेल्या मुळांना टचअप करणारीने हे आकडे माहीत असूनच खुर्चीत बसावं. माझ्या ओपीडीत बायका केसांचं सांगतच नाहीत, विचारल्यावर सांगतात.

शिरपूरची आत्या

पोरी, केसस्ले इतला तरास देऊ नको. आमच्या घरात सगळ्यांचे केस असेच. माझी आई दर रविवारी परसात बसवून खोबरेल जिरवायची आणि बोटांनी गुंता सोडवायची, फणी नंतर. रिठे-शिकेकाई भिजत घातलेल्या पातेल्याचा वास अजून आठवतो. मी ६३ वर्षांची आहे, आजही अंबाडा मुठीत मावत नाही. लग्नात कुरळ्या केसांच्या खोप्यावर गजरा जसा बसतो तसा सरळ केसांवर बसत नाही, घसरतो. दिराच्या लग्नात तू तशीच उभी राहा. तुझं वाचून जीव तुटला म्हणून लिहिलं.

यावलची लेक

मी दोन वर्षांपूर्वी रिबॉन्डिंग सोडलं आणि केस परत वाढवले. आत्यांनी लिहिलंय ते मनाला पटतं, पण मधला काळ कसा काढायचा हे कुणी सांगत नाही, म्हणून ते सांगते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कुरळी मुळं संपून सरळ केस सुरू होतो तो सांधा. केस तिथेच तुटतो. गळलेला केस उचलून बघा: टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळला, नसेल तर मधूनच तुटलाय. माझ्या फणीत सगळे बिनठिपक्याचे होते.

मग मी सुका केस विंचरणं बंद केलं. कंडिशनर लावलेला असतानाच जाड दातांच्या फणीने, टोकाकडून वर. मशीन कपाटात वर ठेवून दिलं. न्हाल्यावर ओल्या केसांच्या दोन-दोन बटांचा पीळ घालून झोपायचे, सकाळी सोडले की सरळ भागालाही लाट यायची आणि दोन्ही केस एकसारखे दिसायचे. उन्हात ओढणी घट्ट बांधायचे नाही, सुती कापडाने घासून तुटतात म्हणून आत साटीनचा तुकडा घालायचे. आणि दर दोन महिन्यांनी दोन बोटं कापायचे.

सातपुड्याची सावली

तुम्हा सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. काल रात्री मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून तपासलं. वाटीत आरओचं पाणी घेतलं. डावीकडचा एक केस, मुळाजवळचा एक छोटा आणि त्या पट्ट्यातले चार, असे भिजवले. ट्यूबखाली पांढऱ्या रुमालावर ठेवले म्हणजे नीट दिसतील.

मुळाचा ताणला, सोडला, लगेच स्प्रिंगसारखा गुंडाळला. किती दिवसांनी मी माझा तो केस नीट पाहिला. डावीकडचा थोडा ताणला आणि परत आला. पट्ट्यातला पहिला ताणत ताणत जवळजवळ दीडपट झाला आणि तसाच लोंबत राहिला. दुसरा टचकन तुटला. तिसरा, चौथा ताणायच्याही आधी बोटांत आले. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "एवढ्यासाठी तू सहा महिने पदर घेत होतीस होय?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या पट्ट्यावर आता काहीच लावणार नाही. डबा परत पाठवला, सील तसंच होतं म्हणून घेतला. मशीन बंद. मार्गशीर्षापर्यंत मुळं आणखी तीन-चार सेंटीमीटर वाढतील, म्हणजे खांद्याच्या वर कापले तरी खोप्याइतके राहतील असं वाटतं. डावीकडचे सरळ केस एकदम कापवत नाही, ते हळूहळू. धुळ्याच्या ताई, कापायला तुमच्याकडे आले तर चालेल का? इथे कुणाच्या हातात डोकं द्यायची हिंमत होत नाही.

धुळ्याची पार्लरवाली

या ना, बिनधास्त या. सोमवारी बंद असतं. निरोपातून पत्ता देते.

येताना केस धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळे सोडून या, तेल आणि मशीन न लावता. कुरळे केस ओले कापले की वाळल्यावर दोन बोटं वर चढतात आणि मग तुम्हाला वाटेल मी जास्त कापले. सुके असताना एकेक बट पाहून कापू. आधी फक्त तो पट्टा. बाकीचं तुम्ही आरशात बघून सांगाल तेवढंच.

शिरपूरची आत्या

लग्नाच्या दिवशीचा खोप्याचा फोटो टाक पोरी. गजरा मोगऱ्याचा मिळाला नाही तर अबोलीचा कर.